एक स्वयंपाक, पाच पथ्यं: मोठ्या माणसांच्या घरात रोजचं जेवण कसं बसवायचं

सासऱ्यांना मधुमेह आणि रक्तदाब. सासूबाईंना चातुर्मासात कांदा, लसूण, वांगं वर्ज्य. जाऊबाईंना सीलिॲक, म्हणजे गहू कायमचा बंद. दिरांना दूध पचत नाही. आणि ज्याला कसलंच पथ्य नाही, त्याला डब्यात चमचमीत हवं. आमच्या घरातलं हे चित्र, थोड्याफार फरकाने, आता पुष्कळ घरांत दिसतं. स्वयंपाकघर नव्याने हाती घेणारं माणूस अशा वेळी दोनपैकी एक काहीतरी करतं. एक तर प्रत्येकासाठी वेगळं रांधायला जातं आणि पंधरा दिवसांत थकतं, किंवा सगळ्यांना एकच सपक जेवण वाढतं आणि मग घरातले बाहेरून वडापाव आणून खातात.

मधला रस्ता आहे आणि तो अवघड नाही. पातेल्यात शिजेल ते सगळ्यांना चालणारं, आणि माणसागणिक होणारा फरक शेवटच्या पाच मिनिटांत, फोडणीत आणि ताटात. आपल्या ताटाची मांडणी मुळात याच सोयीची आहे. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, लोणचं डाव्या बाजूला असतं आणि जेवणारा आपल्याला हवं तेवढंच घेतो. रोजच्या स्वयंपाकात ही डावी बाजू भक्कम केली की निम्मं काम होतं.

पायरी पहिली: वही

गॅस पेटवण्याआधी एक वही घ्या आणि घरातल्या प्रत्येकासाठी एक पान ठेवा. प्रत्येकाला शांतपणे विचारायचं: काय अजिबात चालत नाही, काय बेताने चालतं, हे कोणी सांगितलं, आणि औषधं कोणती चालू आहेत. ‘कोणी सांगितलं’ हे मुद्दाम विचारा. डॉक्टरांनी सांगितलेलं, स्वतः घेतलेलं व्रत आणि कुठेतरी ऐकून सोडलेलं, हे सगळं ‘पथ्य’ या एकाच नावाखाली येतं आणि स्वयंपाक करणाऱ्याच्या डोक्यावर बसतं. ऐकीव पथ्यांची डॉक्टरांकडे किंवा आहारतज्ज्ञाकडे एकदा शहानिशा करून घेतली की त्यांतली बरीचशी गळून पडतात.

मग पथ्यांचे गट पाडा. पहिला गट ‘कणभरही नाही’ असा: सीलिॲक, शेंगदाण्याची किंवा माशाची ॲलर्जी. इथे चमचासुद्धा वेगळा लागतो. दुसरा गट मापाचा: मधुमेह, रक्तदाब, कोलेस्टेरॉल, युरिक ॲसिड. इथे बहुतेक पदार्थ चालतात, प्रश्न किती आणि कशासोबत हा असतो. तिसरा गट श्रद्धेचा. यात अंदाज बांधू नका, नियम विचारून घ्या. चातुर्मास पाळणाऱ्या कुणाला कांदा-लसूण-वांगं वर्ज्य असतं, पण बटाटा चालतो. जैन घरातून आलेल्या माणसाला बटाटा, गाजर, मुळा, ओलं आलं हेही चालत नाही, मात्र सुंठ चालते. कडक पाळणाऱ्यांना डाळ आणि कच्चं दही एकत्र चालत नाही, त्यामुळे भिजवलेली मूगडाळ घातलेली दह्यातली कोशिंबीर बाद होते. जेवण सूर्यास्ताआधी लागतं. एवढं आधी कळलं तर ऐन वेळी कुणी अर्धपोटी उठत नाही.

लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, न पचणं आणि दुधाची ॲलर्जी यांतही गल्लत करू नका. दूध न पचणाऱ्या कितीतरी जणांना दही-ताक सोसतं आणि तुपात लॅक्टोज जवळजवळ नसतंच. दुधाची ॲलर्जी असलेल्याला मात्र हे सगळंच बंद.

पायरी दुसरी: वरण

शिकायला सुरुवात वरणापासून करावी, कारण सगळी पद्धत या एका पदार्थात दिसते.

पाच माणसांना दीड वाटी तूरडाळ घ्या. धुऊन अर्धा तास भिजवा. दुप्पट-तिप्पट पाणी, पाव चमचा हळद आणि थेंबभर तेल घालून कुकरला लावा. चार शिट्ट्या झाल्या की गॅस बंद करा आणि वाफ जिरू द्या. मीठ घालायचं नाही, हिंगही नाही. डाळ घोटून घ्या. हे तुमचं सर्वांचं पातेलं. यात गहू नाही, दूध नाही, कांदा-लसूण नाही, मीठ नाही, गूळ नाही.

आता यातलं तीन वाट्या वरण दुसऱ्या पातेल्यात काढा आणि आमटी करा: आमसुलं चार, गोडा मसाला दीड चमचा, चिमूटभर मीठ, हिरवी मिरची, कढीपत्ता, वरून ओलं खोबरं आणि कोथिंबीर. गोड्या मसाल्यात कांदा-लसूण नसतो, त्यामुळे ही आमटी चातुर्मासातही चालते. तयार आणला असेल तर पाकिटावरची यादी बघा. गूळ पातेल्यात न घालता ज्यांना हवा त्यांच्या वाटीत सुपारीएवढा टाका, गरम आमटीत तो विरघळतोच. मधुमेह असलेल्यांनी ‘गूळ चालतो, साखर नाही’ असं समजू नये. रक्तातली साखर दोन्हींनी वाढते.

उरलेल्या साध्या वरणावर फोडणीच्या कढल्यात दोन फोडण्या करायच्या. एक तेलात जिरं, सुकी मिरची, कढीपत्ता अशी. दुसरी भरपूर लसूण आणि लाल तिखटाची, ती घरातल्या डबा नेणाऱ्यासाठी. आधी बिनलसणाची करा, मग त्याच कढल्यात लसणाची, म्हणजे मध्ये घासत बसावं लागत नाही.

हिंगाबद्दल थांबून सांगावंसं वाटतं, कारण इथे जाणती माणसंही फसतात. बाजारात मिळणारा बांधणी हिंग बहुधा मैद्यात किंवा कणकेत मिसळलेला असतो. सीलिॲक असलेल्या माणसाच्या घरात तो एक चिमूट हिंग महिनोन्‌महिने पोटाचा त्रास चालू ठेवू शकतो, आणि आपण मात्र ‘पोळी तर कधीच बंद केली, मग त्रास का?’ म्हणून कोड्यात पडतो. तांदळाच्या पिठातला किंवा शुद्ध खडा हिंग आणा, नाहीतर सरळ जिऱ्यावर भागवा. सोया सॉसचंही हेच, त्यात सहसा गहू असतो.

पायरी तिसरी: धान्य

सीलिॲक असलेल्यांना सोसत नाही ते ग्लुटेन नावाचं प्रथिन गहू, जव आणि राय (हे एक धान्य आहे, मोहरी नव्हे) यांत असतं. रवा, मैदा, लापशी, शेवया ही गव्हाचीच रूपं. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, वरी, राजगिरा, शिंगाडा, साबुदाणा यांत ग्लुटेन नसतं. म्हणजे गव्हाशिवाय जगायला लागणारं सगळं आपल्या फडताळात आधीपासूनच आहे. महागडी ग्लुटेनफ्री बिस्किटं-ब्रेड यांच्या मागे लागण्याआधी भाकरी शिका.

ज्वारीची भाकरी नव्या हाताला जमावी म्हणून उकड काढा. एक वाटी पाणी उकळवा, त्यात एक वाटी पीठ टाका, गॅस बंद करून उलथन्याच्या टोकाने ढवळा आणि झाकण ठेवा. दहा मिनिटांनी हात पाण्यात बुडवत, तळहाताच्या मुळाने रेटून मळा. गोळा कडेने चिरेनासा झाला की समजा मळलं गेलं. थापता येत नसेल तर कोरड्या पिठावर हलक्या हाताने लाटा, त्यात कमीपणा काही नाही. तव्यावर टाकल्यावर वरून पाण्याचा हात फिरवा. पाणी सुकत आलं, पण अजून ओलसर आहे, तेव्हाच उलटा. उशीर झाला तर भेगा पडतात. दुसरी बाजू खरपूस झाली की पहिली बाजू आचेवर धरा, भाकरी टम्म फुगते.

गिरणीचा मुद्दा मात्र गंभीर आहे. ज्या जात्यावर गहू दळला, त्याच जात्यावर पाठोपाठ ज्वारी दळली तर तिच्यात गव्हाचं पीठ येतंच. आधी तांदूळ दळून जातं ‘साफ’ केलं तरी सीलिॲकसाठी खात्री देता येत नाही. घरघंटी घेता आली तर घ्या आणि तिच्यात गहू कधीच घालू नका. नाहीतर ‘ग्लुटेनमुक्त’ असं छापलेलं पीठ आणा. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या नियमानुसार त्यात किलोमागे २० मिलीग्रॅमपेक्षा कमी ग्लुटेन असावं लागतं. पोळपाट-लाटणं, परात, पिठाची चाळणी आणि तवा वेगळा ठेवा, आणि बिनगव्हाची भाकरी नेहमी आधी भाजा. आमच्याकडे परातीला लाल दोरा बांधलेला आहे. पाहुणी मदतीला आली तरी लाल दोऱ्याच्या परातीत कणीक भिजत नाही.

आता मधुमेह. ‘भाकरी आहे ना, मग दोन-तीन खा’ हा समज घरोघरी आहे आणि तो सोडायला हवा. ज्वारीच्या पिठातही वजनाच्या जवळजवळ दोन तृतीयांश कर्बोदकंच असतात. ४० ग्रॅम पिठाच्या एका भाकरीत ती २७ ग्रॅमच्या आसपास, २५ ग्रॅम कणकेच्या एका फुलक्यात १६ ग्रॅमच्या आसपास. म्हणजे एक भाकरी दीड फुलक्याहून जास्तच. स्वयंपाकघरातला छोटा डिजिटल काटा घेऊन आठवडाभर गोळे तोलून बघा, मग हाताला माप बसतं. ताटाचा अर्धा भाग भाज्या आणि कोशिंबीर, पाव भाग डाळ-उसळ-पनीर-अंडं-मासा यांपैकी काही, आणि पाव भागातच भाकरी किंवा भात. दोन्ही हवं असेल तर अर्धं-अर्धं. आधी कोशिंबीर, भाजी, वरण खाऊन मग भाकरी-भाताकडे वळलं तर जेवणानंतर साखर थोडी कमी चढते. खर्च नाही, कष्ट नाहीत, फक्त वाढण्याचा क्रम बदलायचा.

पायरी चौथी: मीठ

जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार मोठ्या माणसाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं. सपाट भरलेला एक छोटा चमचा, सगळं धरून. आपल्या घरात नेमकं किती जातं हे मोजायचा सोपा उपाय म्हणजे मिठाची पिशवी फोडाल तेव्हा तिच्यावर तारीख लिहा. पाच माणसांत एक किलो मीठ महिन्यात संपलं, तर माणशी दिवसाला साडेसहा ग्रॅमच्या वर झालं. लोणचं, पापड, फरसाण, पाव, सॉस यांतलं मीठ त्यावर वेगळं. पापडात पापडखारही असतो, आणि खायच्या सोड्यातही सोडियमच असतं, म्हणून सोडा घातलेला ढोकळा रक्तदाबवाल्यांना ‘उकडलेला आहे’ एवढ्यावर मोकळा सोडू नका.

मीठ एकदम निम्मं केलं तर घरात बंड होतं. दर आठवड्याला थोडंथोडं कमी करा, जिभेला महिन्या-दीड महिन्यात सवय होते. तोवर आंबट आणि तिखट यांचा आधार घ्या: आमसूल, लिंबू, चिंच, ताजी मिरपूड, भाजलेलं जिरं, लसूण चालणाऱ्यांना लसूण. भाकरी आणि भातात मीठ घालूच नका. कोशिंबिरीत मीठ वाढायच्या क्षणी घाला, आधी घातलं तर पाणी सुटतं आणि मग पुन्हा वरून पडतं.

सैंधवही मुख्यतः सोडियम क्लोराइडच आहे, गुलाबी रंगामुळे रक्तदाबाला माफी मिळत नाही. आणि दुकानात ‘लो सोडियम’ म्हणून मिळणाऱ्या मिठात पोटॅशियम क्लोराइड असतं. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांना, तसंच रक्तदाबाची काही औषधं घेणाऱ्यांना ते धोक्याचं ठरू शकतं. डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते घरात आणू नका, कारण बरणी एकदा ओट्यावर आली की ती सगळ्यांच्या पातेल्यात जाते.

पायरी पाचवी: कूट, वाटण, दही

मराठी स्वयंपाकाचा दाटपणा तीन गोष्टींतून येतो: दाण्याचं कूट, खोबऱ्याचं वाटण आणि दही. कुणाला ना कुणाला यांपैकी एक चालत नाही. दाण्याची ॲलर्जी असेल तर पंढरपुरी डाळ्यांचं कूट वापरा. भरली दोडकी, कोशिंबीर, पातळ भाजी या सगळ्यांत ते चालून जातं. तिळाचं कूटही छान लागतं, मात्र तिळाचीही ॲलर्जी काहींना असते, तेव्हा आधी विचारा. कांदा-लसणाशिवायच्या वाटणाला भाजलेलं सुकं खोबरं, तीळ, धणे आणि थोडी खसखस घ्या. दूध न पिणाऱ्याला कॅल्शियम कुठून, हा प्रश्न नाचणी बराचसा सोडवते: १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलीग्रॅम कॅल्शियम असतं. ताकाऐवजी सोलकढी करा. तिच्यात लसूण वरून ठेचून वेगळ्या भांड्यात घालता येतो.

बटाटा बंद असलेल्यांसाठी कच्च्या केळ्याची भाजी करा. मोहरी, मिरची, ओलं खोबरं, वरून लिंबू. मात्र केळ्यातही पिष्ट आहे, म्हणून मधुमेह्याच्या ताटात ती भाजीच्या अर्ध्या भागात न मोजता भाकरीच्या पाव भागात मोजा.

थालीपिठाची भाजणी गव्हाशिवाय उत्तम होते. ज्वारी दोन वाट्या, बाजरी, तांदूळ आणि हरभराडाळ प्रत्येकी एक, उडीद अर्धी वाटी, धणे पाव वाटी, जिरं एक चमचा. सगळं वेगवेगळं, मंद आचेवर, वास सुटेपर्यंत भाजा. पिठात किसलेला दुधी आणि कोथिंबीर घालून मळा, त्यातलं अर्धं बाजूला काढून त्यात कांदा घाला. एका पिठात दोन थालीपिठं झाली, आणि गव्हाची उणीव आजवर कुणाला जाणवलेली नाही.

जिथे ही पद्धत पुरत नाही

मूत्रपिंडाचा विकार आला की ‘सगळ्यांचं पातेलं’ मोडावं लागतं, आणि ते मोडण्यात संकोच करू नये. डायलिसिस सुरू नसेल तर प्रथिनं बहुधा मोजून दिली जातात. डायलिसिसवर असलेल्याला उलट जास्त लागतात. म्हणून शेजारच्या घरातला तक्ता आपल्या घरात चालत नाही. पोटॅशियम वाढलं असेल तर नारळपाणी, टोमॅटो, बटाटा, केळं यांवर मर्यादा येते. भाज्या बारीक चिरून भरपूर पाण्यात उकळून ते पाणी फेकून द्यायला सांगतात, कारण त्यातून पोटॅशियम निघून जातं. पण त्यासोबत बाकीच्यांना हवी असलेली जीवनसत्त्वंही जातात, म्हणून ही भाजी त्या एका माणसापुरतीच करा.

रक्त पातळ करणारं वॉरफरिनसारखं औषध घेणाऱ्यांना कुणीतरी ‘पालेभाजी बंद’ सांगून टाकतं. पालेभाजीतलं के जीवनसत्त्व त्या औषधाच्या उलट काम करतं, हे खरं. पण महत्त्व आहे ते प्रमाण दर आठवड्याला साधारण सारखं ठेवण्याला. एका आठवड्यात रोज पालक आणि पुढच्या आठवड्यात अजिबात नाही, असं व्हायला नको. मेथीची जुडी स्वस्त मिळाली म्हणून चार दिवस मेथी, असं अशा घरात करू नये.

युरिक ॲसिडमुळे सांधे धरत असतील तर कलेजी-भेजा, तारली-बांगड्यासारखे मासे आणि दारू, विशेषतः बिअर, यांवर आधी लक्ष द्या. डाळी-उसळी सरसकट बंद करण्याची गरज बहुतेकांना नसते.

उपास, सण आणि वेळ

इन्शुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्याने एकादशी डॉक्टरांना विचारूनच धरावी, आणि जेवणाची वेळ पुढे ढकलू नये. घरात सूर्यास्ताआधी जेवणारं माणूस असेल तर रात्रीचा स्वयंपाक साडेपाचलाच उरका. मधुमेह्यालाही लवकरचं जेवण सोयीचं पडतं, फक्त गोळीची वेळ त्यानुसार डॉक्टरांकडून लावून घ्या. उपासाला साबुदाणा खिचडीच्या जागी राजगिऱ्याची भाकरी, काकडीची कोशिंबीर आणि दही ठेवा. साबुदाणा जवळजवळ निव्वळ पिष्ट आहे.

सणाला कुणी ताटावरून उपाशी उठू नये, ही जबाबदारी रांधणाऱ्याची आहे असं मला मनापासून वाटतं. गणपतीत हे सोपं जातं. उकडीचे मोदक तांदळाचे, त्यात गहू नाही आणि उकडीत दूध न घालता पाणीच वापरलं की दिरांचाही प्रश्न मिटतो. तुपाची धार ज्याची त्याने घ्यावी. मधुमेह्याला एक मोदक, आणि त्या जेवणात भात नाही. होळीला जाऊबाईंसाठी पुरण वाटीत काढा किंवा तांदळाच्या उकडीत भरून पोळी करा, पण ते पुरण कणकेच्या हाताने उपसण्याआधीच वेगळं झाकून ठेवा.

सुरुवात करताना सगळं एकदम अंगावर घेऊ नका. पहिल्या आठवड्यात फक्त बिनमिठाचं, बिनहिंगाचं वरण आणि दोन फोडण्या. दुसऱ्या आठवड्यात भाकरी आणि काटा. तिसऱ्यात मिठाची पिशवी आणि तारीख. त्यानंतर भाजणी. वहीत जेवणांची नोंद ठेवा आणि पुढच्या वेळी सासऱ्यांची एचबीए१सीची, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर सांगणारी, तपासणी होईल, तेव्हा अहवालासोबत ती वही डॉक्टरांपुढे ठेवा. कुठे भाकरी वाढवता येईल आणि कुठे अजून कमी करायची, हे ते त्या पानांवरून नेमकं सांगू शकतात.